डेम्पस्टर आणि डाल्टन, दोन्ही एकाच ट्रिपमध्ये बाईकवरून – सल्ला हवाय

निवांत_थ्रॉटल

नमस्कार मंडळी, इतकी वर्षं वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

मी कॅनडात एडमंटनला असतो. ८०० सीसीची अ‍ॅडव्हेंचर बाईक आहे, दोन सीझन चालवलीय, बहुतेक सगळं डांबरावर आणि थोडंफार जंगलातल्या ग्रॅव्हल रोडवर. जूनच्या शेवटी १६ दिवसांची सुट्टी मिळतेय आणि डोक्यात एकच खूळ आहे, उत्तरेला रस्ता संपतो तिथपर्यंत जायचं. प्लॅन असा की एडमंटनहून अलास्का हायवेने व्हाइटहॉर्स, तिथून डॉसन सिटी, मग डेम्पस्टर हायवेने इनुविक आणि आर्क्टिक समुद्राकाठचं तुक्तोयाक्तुक, परत डॉसन, टॉप ऑफ द वर्ल्ड हायवेने अलास्कात शिरायचं, फेअरबँक्स, तिथून डाल्टन हायवेने डेडहॉर्स आणि परत घरी. एकटाच आहे. टायर कुठले घालू, जास्तीचं पेट्रोल किती नेऊ, आणि मुळात हे १६ दिवसांत बसतं का? जे जाऊन आलेत त्यांनी स्पष्ट सांगा, वाईट वाटणार नाही.

उत्तरायण

आधी मनापासून अभिनंदन, खूळ चांगलं आहे. मी डेम्पस्टर दोनदा केलाय आणि डाल्टन एकदा, त्यामुळे स्पष्टच सांगतो, बसत नाही.

हिशेब करून बघ. एडमंटन ते डॉसन सिटी साधारण २५५० किमी. डॉसनहून डेम्पस्टरच्या तोंडापर्यंत ४०, तिथून इनुविक ७३६, पुढे तुक्तोयाक्तुक १३८, म्हणजे जाऊन येऊन १८०० च्या वर. डॉसन ते फेअरबँक्स सुमारे ६३०. फेअरबँक्स ते डेडहॉर्स ८००, म्हणजे परत १६००. आणि फेअरबँक्सहून घरी जवळपास ३०००. सगळं मिळून साडेनऊ हजार किमी होतात. १६ ने भाग, रोज ६०० येतात, एकही दिवस विश्रांती न घेता. डांबरावर ६०० किमी म्हणजे काहीच नाही हे मलाही मान्य आहे, पण यातले तीन हजारांच्या आसपास ग्रॅव्हल आणि चिखलाचे आहेत आणि तिथे दिवसाला किती किमी व्हायचे ते तुझ्या हातात नसतं, पावसाच्या हातात असतं.

हे मला आधी कुणी सांगितलं नाही असं नाही, सांगितलं होतं, पण ऐकलं नव्हतं. पहिल्या वेळी कोरडं मिळालं, डॉसनहून सकाळी निघालो आणि संध्याकाळी ईगल प्लेन्सला चहा पीत बसलो, ४०९ किमी कसे गेले कळलं नाही. त्यामुळे दुसऱ्या वेळी एकही दिवस हातचा ठेवला नाही. ऑगस्ट होता. ओगिल्वी नदी सोडून रस्ता वर चढायला लागतो तिथे पाऊस सुरू झाला, अगदी बारीक, रेनकोट घालू की नको असा. अर्ध्या तासात रस्त्याचा रंग बदलला. तिथे धूळ बसावी म्हणून रस्त्यावर कॅल्शियम क्लोराईड टाकतात, ते हवेतलं पाणी शोषून माती धरून ठेवतं, कोरड्यात तो रस्ता जवळजवळ डांबरासारखा घट्ट असतो. पण भिजला की वरचा दोन बोटं थर साबणासारखा होतो आणि खालचं कडकच राहतं. मी २५ च्या स्पीडने चाललो होतो, २५! पुढचं चाक सरळ होतं, हँडल सरळ होतं आणि गाडी तिरकी चाललेली. ब्रेकला हात लावला नव्हता, नुसता थ्रॉटल सोडला, तेवढंच पुरलं. डावा पाय पॅनियरखाली (बाजूच्या सामानाच्या पेटीखाली) गेला.

काही मोडलं नाही, घोटा मुरगळला आणि क्लच लिव्हर अर्धा तुटला. पण मला आजही आठवतं ते पुढचं. गाडी उचलली, ढकलायला गेलो तर पुढचं चाक फिरेचना. मडगार्ड आणि टायरच्या मध्ये चिखल इतका ठासून बसला होता की चाक जॅम. टायर लिव्हरने खरवडून काढला, दहा मीटर गेलो, परत जॅम. असं तीन वेळा झाल्यावर मडगार्डच काढून मागे बांधला. त्या दीड तासात तिथून दोन गाड्या गेल्या आणि दोन्ही थांबल्या, त्या रस्त्यावर थांबल्याशिवाय कुणी पुढे जात नाही.

म्हणून माझा सल्ला एवढाच, एक रस्ता निवड आणि उरलेले दिवस हातचे ठेव. टायर आणि पेट्रोलचं नंतर बोलू, ते सोपं आहे.

पाना_पक्कड

उत्तरायणदादांशी सहमत. मी स्वतः तिकडे गाडी चालवलेली नाही, पण तिकडून आलेल्या गाड्या उघडल्यात, पुष्कळ, तेव्हा गाडीच्या बाजूने लिहितो.

टायर. डेम्पस्टरवर काही पट्ट्यांत रस्त्याचा दगड म्हणजे शेल, पापुद्र्यांचा, तुटला की पात्यासारखी धार येते. खिळ्याने पडतं ते भोक वेगळं आणि शेलने होतो तो काप वेगळा. भोकात प्लग बसतो, कापात बसत नाही, आणि काप साइडवॉलला असेल तर विषयच संपला. म्हणून ट्यूबलेस असलात तरी पुढच्या मापाची एक ट्यूब बरोबर ठेवा, अडीअडचणीला पुढची ट्यूब मागच्या टायरमध्ये घालून हळूहळू गाव गाठता येतं. आणि घरी गॅरेजमध्ये एकदा स्वतःच्या हाताने टायर काढून परत बसवून बघा. व्हिडिओ बघून नाही, हाताने. बीड (टायरची रिमला धरलेली कड) तोडायला जमतंय का, अ‍ॅक्सलचा पाना बरोबर आहे का, पंप खरंच चालतो का. बरोबर आणलेला पाना अ‍ॅक्सलला बसतच नाही हे जागेवर कळलेली माणसं मला माहीत आहेत.

हवा थोडी कमी करा पण फार नाही. ग्रॅव्हलवर मऊ टायर छान वाटतो पण लगेज लादलेली गाडी खड्ड्यात आदळली की रिम चेपते. पुढे ३६ पीएसआय भरत असाल तर ३० च्या खाली जाऊ नका असं माझं मत.

आता त्या कॅल्शियमच्या चिखलाबद्दल, कारण यावर कुणी बोलत नाही. हा चिखल वाळला की सिमेंट होतो. रेडिएटरच्या जाळीत बसला की हवा जायची बंद, आणि थंडीतसुद्धा इंजिन तापतं, लोकांना वाटतं कूलंट गेलं. रोज संध्याकाळी जिथे पाणी मिळेल तिथे रेडिएटर मागच्या बाजूने धुवा, साध्या धारेने. प्रेशर वॉशर जवळून मारलात तर पापुद्रे वाकतात, आणि बेअरिंगवर मारलात तर सीलमधून पाणी आत जातं. चेन रोज पुसून ल्यूब करा, ताण लगेज लादून बघा. वायरींच्या कनेक्टरमध्ये निघण्याआधी डायइलेक्ट्रिक ग्रीस भरा, कारण हे शेवटी मीठच आहे, अ‍ॅल्युमिनियम आणि तांबं दोन्ही खातं. घरी आल्यावर थकलात म्हणून गाडी आठवडाभर तशीच ठेवू नका. दुसऱ्या दिवशी धुवा.

हिमरेषा

जरा वेगळा अनुभव. मी डेम्पस्टर साध्या, जवळजवळ रोडच्या टायरवर केला, जाऊन येऊन चार दिवस, एकदाही घसरलो नाही, पंक्चर नाही. मला वाटतं आपण लोकांना उगाच घाबरवतो. स्पीड ७०-८० ठेवा, नजर लांब ठेवा, जमतं. अशा रस्त्यांबद्दल वाचून वाचून माणूस निघतच नाही.

उत्तरायण

हिमरेषा, तुमचा अनुभव शंभर टक्के खरा आहे, माझी पहिली ट्रिप अगदी अशीच होती. पण कोरडा डेम्पस्टर आणि ओला डेम्पस्टर हे दोन वेगळे रस्ते आहेत, नाव एक आहे इतकंच. चार दिवस कोरडे मिळतात कधीकधी. नवा माणूस तुमचं वाचून चार दिवसांचाच हिशेब धरून निघाला आणि दुसऱ्या दिवशी पाऊस लागला तर तो थांबणार नाही, कारण सोमवारी ऑफिस आहे. माणसं तिथे पडतात ती टायरमुळे कमी आणि घाईमुळे जास्त, असं मी तरी पाहिलंय.

घाबरून निघू नये असं मात्र मलाही वाटत नाही. निघाच.

हिमरेषा

हे पटलं. तसं बघता मला येताना टुंबस्टोनजवळ पाऊस लागला होता, पण तोवर ७० किमी उरले होते आणि मी हळू आलो. आधी लागला असता तर माहीत नाही.

रानवाट

डाल्टनचं मी सांगते, दोन वर्षांपूर्वी एकटीने केलाय, ६५० सीसीवर.

सगळ्यात आधी हे समजून घ्या की हा रस्ता प्रवाशांसाठी बांधलेलाच नाही. १९७४ मध्ये अलास्काची तेलाची पाइपलाइन टाकायची होती म्हणून हा बांधला, सामान नेणाऱ्या ट्रकसाठी, आणि सगळ्यांना थेट डेडहॉर्सपर्यंत जायची मुभा १९९४ मध्ये मिळाली. त्यामुळे रस्ता ट्रकवाल्यांचा आहे आणि आपण पाहुणे. समोरून ट्रक येताना दिसला की मी स्पीड कमी करायचे, उजवीकडे कडेला यायचे आणि वायझर खाली. दगड येतातच. मागून आला तर सरळ थांबून त्याला जाऊ द्यायचं, विशेषतः चढ सुरू व्हायच्या आधी, कारण त्याला तो चढ वेगातच घ्यावा लागतो, तुमच्यामुळे मध्ये अडकला तर त्याची पंचाईत. एकाही ट्रकवाल्याने मला त्रास दिला नाही, उलट बऱ्याच जणांनी मला बघून आपण होऊन स्पीड कमी केला. हेडलाइट कायम चालू ठेवणं तिथे सक्तीचंच आहे.

अंतरं मैलात आहेत, मैलाचे दगडही तसेच. फेअरबँक्सपासून ८४ मैलांवर डाल्टन सुरू होतो, त्याच्या ५६ व्या मैलावर युकॉन नदीचा लाकडी फळ्यांचा पूल, तिथे पेट्रोल. ११५ ला आर्क्टिक सर्कल. १७५ ला कोल्डफूट, पेट्रोल, जेवण, झोपायची सोय. आणि तिथून डेडहॉर्स २४० मैल, म्हणजे ३८५ किमी, त्या मध्ये काहीही नाही. पेट्रोल नाही, दुकान नाही, फोनला रेंज नाही. माझी टँक ३२० किमीची होती, मी पाच-पाच लिटरचे दोन कॅन नेले, एक पुरला असता पण समोरचा वारा इतका होता की दुसरा उघडायला लागला. त्यामुळे तुमच्या गाडीचा जो अ‍ॅव्हरेज आहे त्यातून चौथा हिस्सा वजा करूनच हिशेब करा.

अ‍ॅटिगन पास २४४ व्या मैलावर आहे, १४४४ मीटर. मी जुलैत होते, सकाळी कोल्डफूटला टी-शर्टवर बसले होते आणि पासवर गारा आणि ओला बर्फ. हीटेड ग्रिप असूनही बोटं सुन्न झाली, क्लच दाबलाय की नाही ते कळत नव्हतं. पास उतरलं की झाडं गायब झालेली असतात, एकदम, शेवटचं स्प्रूस दक्षिणेच्या बाजूलाच राहतं. समोर नुसता टुंड्रा, उजेड सगळीकडून सारखाच, सावली नाही. मी गॅल्ब्रेथ लेकजवळ गाडी बंद केली आणि हेल्मेट काढलं तर कानात वारा सोडून काही नव्हतं, मग थोड्या वेळाने डासांचा आवाज यायला लागला आणि मग डासच डास. डोक्यावरून घ्यायची जाळी नक्की न्या, ती चार पैशांची गोष्ट आहे आणि तिच्याशिवाय जेवता येत नाही.

एक गोष्ट जी मला खटकली ती पण सांगते. डेडहॉर्सला पोचलात म्हणजे समुद्राला पोचलात असं नाही. शेवटचे काही मैल तेलक्षेत्राचे आहेत, खाजगी, तिथे आपली गाडी नेता येत नाही. समुद्र बघायचा तर त्यांच्या गाडीतून टूर घ्यावी लागते, ओळखपत्र देऊन, किमान २४ तास आधी बुक करून. मी बुक केली नव्हती. इतकं जाऊन समुद्र बघितला नाही. तुक्तोयाक्तुकला तसं नाही, तिथे रस्ता थेट पाण्यापाशी संपतो.

निवांत_थ्रॉटल

रानवाटताई, हे शेवटचं वाचून तर निम्मा निर्णय झालाच. माझी सगळी ओढ समुद्रापर्यंत गाडी नेण्याचीच आहे. उत्तरायणदादा, डाल्टन या वेळी काढून टाकतो. मग १६ दिवसांत डेम्पस्टर आणि तुक्तोयाक्तुक, चार दिवस हातचे. बरोबर?

पेट्रोलचं विचारायचं राहिलं. माझी टँक ३८० किमी जाते.

उत्तरायण

आता बरोबर.

पेट्रोल: सगळ्यात लांब टप्पा पहिलाच आहे, डॉसन ते ईगल प्लेन्स ४०९ किमी. तिथून फोर्ट मॅकफर्सन १८१, तिथून इनुविक १८६, मग तुक्तोयाक्तुक १३८. म्हणजे एकदा ईगल प्लेन्स गाठलं की चिंता मिटली. तू १० लिटर जास्तीचं ने. वापरलंच नाहीस तरी ईगल प्लेन्सला टँकमध्ये ओत आणि रिकामे कॅन घेऊन हलक्या गाडीने पुढे जा.

ग्रेडरकडे (रस्ता सपाट करणारं यंत्र) लक्ष ठेव. ग्रेडर नुकताच फिरलेला असला की रस्ता दिसायला सपाट आणि सुंदर दिसतो पण वरचे चार बोटं खडे सुटे असतात, आणि मध्ये किंवा कडेला मातीचा लांबच लांब बांध सोडलेला असतो. तो बांध तिरका ओलांडू नकोस. ओलांडायचाच तर स्पीड कमी करून, फूटपेगवर उभा राहून, जमेल तितका सरळ आणि थ्रॉटल किंचित उघडा ठेवून. हात सैल. हँडल थोडं डुगडुगणारच, त्याला डुगडुगू दे, घट्ट धरलंस की ती थरथर सगळ्या गाडीत उतरते.

आणि सॅटेलाइट मेसेंजर घे. विकत किंवा भाड्याने, पण घेच. गावं सोडली तर फोन चालत नाही. एकट्याने जाणाऱ्याने तरी यात तडजोड करू नये.

गोठलेली_माती

धागा फार छान चाललाय. मी जमिनीचं काम करतो, गोठलेल्या जमिनीवर बांधकाम हा माझ्या रोजच्या कामातला भाग, म्हणून थोडं अवांतर, पण रायडरला उपयोगी पडेल.

हा रस्ता असा का आहे हे कळलं की तो वाचता येतो. खाली पर्माफ्रॉस्ट आहे, म्हणजे वर्षानुवर्षं गोठलेली जमीन, काही ठिकाणी निम्मं बर्फच. नेहमीसारखं खोदून रस्ता केला तर वरचं गवत-शेवाळाचं पांघरूण जातं, ऊन आत शिरतं, बर्फ वितळतं आणि रस्ता खचतो. म्हणून डेम्पस्टर खोदलाच नाही, जमिनीवर ग्रॅव्हलचा जाड थर घातलाय, कुठे सव्वा मीटर तर कुठे अडीच मीटरपर्यंत. हा थर म्हणजे खालच्या बर्फाची गोधडी. तुक्तोयाक्तुकचा रस्ता तर हिवाळ्यातच बांधला, जमीन दगडासारखी असताना गोठलेली माती आणून टाकायची, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये तो सुरू झाला.

आता रायडरसाठी यातलं महत्त्वाचं. एक, रस्ता आजूबाजूपेक्षा उंच आहे, कडा सरळ खाली जातात आणि कडेची माती मऊ असते. फोटो काढायला म्हणून अगदी कडेला गाडी लावू नका, साइड स्टँड रुतून गाडी उलटी खाली जाते. दोन, डांबर का टाकत नाहीत असं लोक विचारतात. काळं डांबर उष्णता शोषतं आणि खालची जमीन हलली की डांबर फुटतं, ग्रॅव्हल मात्र ग्रेडर फिरवून परत सपाट करता येतं. अलास्का हायवेवर क्लुएन लेकच्या पुढे बीव्हर क्रीकपर्यंतचं डांबर कसं लाटांसारखं वर-खाली झालंय ते ज्यांनी बघितलंय त्यांना कळेल. ग्रॅव्हलवरून येऊन डांबर दिसलं की माणूस गाडी पळवतो, आणि बरोबर तिथेच या लाटा गाडी हवेत फेकतात.

डाल्टनला जाणाऱ्यांनी पाइपलाइनकडे नीट बघा. ८०० मैलांपैकी ४२० मैल ती खांबांवर आहे, कारण आतलं तेल गरम असतं आणि जमिनीत पुरली तर खालचं वितळेल. खांबांच्या वर पंख लावलेल्या दोन-दोन नळ्या दिसतात, त्यात अमोनिया असतो, हिवाळ्यात तो जमिनीतली उष्णता वर खेचून हवेत सोडतो. वीज नाही, मोटर नाही. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा एका खांबापाशी अर्धा तास उभा होतो.

रानवाट

कमाल! मी त्या नळ्यांचे फोटो काढलेत पण त्या कशासाठी ते आज कळलं.

नकाशावेडी

वाखूसा (वाचनखूण साठवली). मी बाईक चालवत नाही, पण नकाशे आणि रस्त्यांच्या नावांचा नाद आहे, म्हणून एक गोष्ट सांगते, या धाग्यात ती चपखल बसते.

डेम्पस्टर हे नाव विल्यम डेम्पस्टर या पोलिसाचं. कुत्र्यांच्या घसरगाड्यांवरून फोर्ट मॅकफर्सन ते डॉसन अशी पोलिसांची टपाल आणि गस्तीची फेरी दर हिवाळ्यात व्हायची. २१ डिसेंबर १९१० ला इन्स्पेक्टर फिट्झगेराल्ड तिघांना घेऊन निघाला. लवकर पोचायचं म्हणून सामान आणि शिधा कमी घेतला होता. वाटेत एसाव जॉर्ज नावाचा एक स्थानिक ग्विचिन माणूस थोडे दिवस वाट दाखवायला बरोबर होता, त्याला परत पाठवलं, कारण बरोबरच्या एकाला वाट माहीत होती असं त्यांना वाटलं. पुढे ज्या ओढ्याच्या कडेने वळायचं तो ओढाच सापडला नाही. कित्येक दिवस शोधण्यात गेले. मागे फिरले तेव्हा फार उशीर झाला होता, कुत्री मारून खायची वेळ आली. डॉसनहून डेम्पस्टर फेब्रुवारीच्या शेवटी शोधायला निघाला आणि मार्च १९११ मध्ये त्याला चौघांचे मृतदेह सापडले, शेवटचे दोघे फोर्ट मॅकफर्सनपासून सुमारे ४० किमीवर. तिथल्याच दफनभूमीत चौघे आहेत.

निवांत_थ्रॉटल, तू तिथून जाणारच आहेस, जमलं तर थांब.

निवांत_थ्रॉटल

थांबेन, नक्की. हे वाचून गप्पच झालो.

सगळ्यांचे आभार. टायर मागे ५०-५० चा (निम्मा डांबराचा, निम्मा ग्रॅव्हलचा) आणि पुढे जास्त खाचांचा घातला. पाना_पक्कड, काल रात्री गॅरेजमध्ये मागचा टायर काढला, दोन तास लागले, आणि माझा पाना खरंच एक मापाने छोटा निघाला. नवीन आणला. शनिवारी निघतो.

निवांत_थ्रॉटल (तीन आठवड्यांनी)

परत आलो. सगळं नीट आहे, गाडीही आणि मीही. ज्यांनी वेळ काढून लिहिलं त्यांना सविस्तर सांगणं माझं कामच आहे.

डॉसनपर्यंत चार दिवस. तिथे सकाळी उठलो तर पाऊस. सामान बांधलेलं होतं, बूट घातलेले होते, आणि खरं सांगतो, निघायचा फार मोह झाला, कारण तिथे बारीकच होता. युकॉनच्या ५११ या सेवेवर रस्त्याची माहिती बघितली, मग व्हिजिटर सेंटरमध्ये विचारलं. तिथल्या बाईंनी नकाशावर बोट ठेवून सांगितलं की वर ओगिल्वीकडे कालपासून पडतोय. मी बूट काढले. दोन रात्री डॉसनला काढल्या.

तिसऱ्या दिवशी ऊन. टुंबस्टोनचे ते काळे सुळके आणि खाली हिरवं, मी वीस किमीत सहा वेळा थांबलो असेन. ओगिल्वीच्या चढावर खोल चाकोऱ्या वाळून कडक झाल्या होत्या, कुणीतरी माझ्या आधी चिखलातून गेलेलं दिसत होतं, एका ठिकाणी चाकोरी वेडीवाकडी होत आडवी झाली होती आणि बाजूला इंडिकेटरच्या नारिंगी काचेचा तुकडा पडला होता. तिथे मी उतरून उभा राहिलो थोडा वेळ. संध्याकाळी ईगल प्लेन्स. रात्री अकराला बाहेर आलो तर दुपारसारखं ऊन.

दुसऱ्या दिवशी आर्क्टिक सर्कल, राइट पासवर दाट धुकं, वीस फुटांपलीकडे काही नाही, त्यातून कॅरिबूचा एक छोटा कळप रस्ता ओलांडून गेला, खुरांचा टकटक आवाज आधी आला आणि मग ते दिसले. मग पील नदी. तिथे पूल नाही, फेरीबोटीनेच पलीकडे जायचं. आणि फेरी बंद! वरच्या अंगाला झालेल्या पावसाने नदी फुगली होती, आख्खीच्या आख्खी झाडं वाहत येत होती. मी, दोन ट्रक, एक पिकअप आणि सायकलवाला एक, असे तिथे थांबलो. दिवसभर थांबलो, रात्रभर थांबलो. ट्रकवाल्याने सूप दिलं, मी पिकअपचं पंक्चर काढायला मदत केली (पाना_पक्कड, गॅरेजमधले ते दोन तास इथे कामी आले). दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी उतरलं, फेरीच्या लोकांनी आधी लोडरने धक्क्याचा ग्रॅव्हलचा उतार नवा केला आणि मग आम्हाला घेतलं. फेरी मोफत असते. तो सुटा उतार मी एकदम हळू, दोन्ही पाय खाली ठेवून उतरलो, आणि लोखंडी पत्र्यावर चाक आलं तेव्हा सुटकेचा श्वास सोडला.

माझ्याकडे हातचे चार दिवस होते, तीन डॉसन आणि पील मिळून गेले. ते नसते तर मी पीलवरून मागे फिरलो असतो.

फोर्ट मॅकफर्सनला त्या चौघांच्या कबरीपाशी जाऊन आलो, नकाशावेडी. मग मॅकेन्झी नदीची दुसरी फेरी, इनुविक, आणि पुढे तो नवा रस्ता. दोन्हीकडे तळीच तळी, क्षितिजावर पिंगो दिसतात, म्हणजे पोटात बर्फ असलेल्या टेकड्या, सगळ्यात मोठी इब्युक ४९ मीटर उंच, सपाट जमिनीतून अचानक वर आलेली. तुक्तोयाक्तुकला रस्ता गावातून जातो आणि पाण्यापाशी संपतो. गाडी बंद केली. किनाऱ्यावर वाहून आलेले लाकडाचे ओंडके पडलेत, इतक्या उत्तरेला जिथे एक झाड नाही, सगळे मॅकेन्झीने दक्षिणेहून आणलेले. बूट काढून गुडघ्यापर्यंत पाण्यात गेलो, मिनिटभरच टिकलो. आणि मग तिथल्या एका ओंडक्यावर बराच वेळ नुसता बसून होतो.

रानवाट

वाचताना डोळे भरून आले रे. छान केलंस. त्या ओंडक्यावर मलाही बसायचंय, पुढच्या वर्षी तुझ्या वाटेने येणार.

गाडी धुतलीस का?

निवांत_थ्रॉटल

ताई, नक्की जा, आणि पीलसाठी दोन दिवस वेगळे धरून जा.

धुतली, दुसऱ्याच दिवशी. रेडिएटर मागून चार वेळा धुतला, चौथ्यांदाही पाणी राखाडीच. मागच्या टायरमध्ये नखाएवढा शेलचा तुकडा रुतलेला सापडला, आत किती गेलाय ते अजून काढून बघितलेलं नाही. पाना_पक्कड, हवा धरून आहे, दोन दिवसांत १ पीएसआय कमी झालीय. काढू का तसाच ठेवू?

पाना_पक्कड

काढ, पण आधी प्लग आणि पंप हाताशी ठेव. साबणाचं पाणी टाकून बघ, बुडबुडे आले तर लगेच प्लग. आणि काप जर कडेच्या बाजूला असेल तर तो टायर बदल, आता त्यावर लांब जाऊ नकोस. फोटो टाक.